गेम खेळणाऱ्या मुलाच्या शेजारी कसं बसावं

मी गणित शिकवते. शाळा सुटल्यावर आठवड्यातून एकदा संगणकाची खोली मुलांना गेम खेळायला उघडी ठेवते. त्यामुळे पालकांचा एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो: "बाई, असा एखादा गेम सांगा ना, की याचं गणित सुधारेल." विचारणाऱ्याची तळमळ खरी असते, पण मी गेमचं नाव सांगत नाही. उलट विचारते, "सध्या तो काय खेळतो?" गेमचं नाव बहुतेकांना ठाऊक असतं, फार तर त्यात मारामारी आहे की नाही एवढं. त्यात तो नेमकं काय करतो असं विचारलं की गप्प.

पुढचं सगळं त्या गप्प झालेल्या पालकांसाठी आहे, आणि थोडंसं वर्गात गेम आणू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी. स्वतःला गेम खेळता आलाच पाहिजे अशी अट नाही. साधारण आठ ते चौदा वर्षांची मुलं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे की मूल खेळता खेळता शिकतच असतं, पण ते शिकलेलं गेमच्या आत पडून राहतं. ते बाहेर यायला शेजारी बसून नीट प्रश्न विचारणारं कुणीतरी लागतं. त्यासाठी नवीन अ‍ॅप घ्यायची गरज नाही.

आधी नुसतं बघा

खुर्ची मुलाच्या बाजूला टाका, किंचित मागे. समोर बसलात तर तपासणीला आल्यासारखं वाटतं. हातात मोबाइल नको. माउस किंवा कंट्रोलर मागून घेऊ नका. मात्र मुलानेच "तू खेळून बघ" म्हटलं तर जरूर खेळा आणि मनसोक्त हरा. तुम्ही तिसऱ्यांदा त्याच खड्ड्यात पडलात की मूल न राहवून सांगायला लागतं: "अगं आई, लगेच उडी नको मारूस, ती फळी परत येते, दोन मोज आणि मग मार." हे "दोन मोज" त्याला कुणी शिकवलेलं नसतं. बघून, पडून, पुन्हा करून त्याने स्वतः काढलेला तो नियम असतो.

हरल्यावर मूल काय करतं, तिकडे खास लक्ष ठेवा. तीच चाल तशीच पुन्हा करतं, की एखादी गोष्ट बदलून बघतं? आणि बदलतं तेव्हा एकच बदलतं की सगळंच? एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणं ही प्रयोगशाळेतली शिस्त. वर्गात ती शिकवताना माझ्या नाकी नऊ येतात, आणि तीच मुलं अवघड लेव्हलवर अडकली की आपणहून ती पाळतात. अर्थात सगळी नाही. काही नुसती बटणं बडवतात. पण कोण काय करतं हे कळलं की पुढे काय विचारायचं तेही कळतं.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती माहीत नसल्यामुळे घराघरांत भांडणं होतात. ऑनलाइन मॅचला पॉज नसतो. मुलाला मध्येच उठवलं तर त्याच्या बाजूचा एक गडी कमी होतो, आणि काही गेममध्ये मॅच अर्धवट सोडणाऱ्याला थोड्या वेळासाठी खेळायची बंदीही होते. "आठ वाजता बंद म्हणजे बंद" यापेक्षा "पावणेआठनंतर नवीन मॅच सुरू करायची नाही" हा नियम पाळायला सोपा आणि मुलाला पटणारा आहे. एक मॅच साधारण किती वेळ चालते, हे मुलालाच विचारून घ्या.

"काय शिकलास?" सोडून काहीही विचारा

"काय शिकलास?" हा प्रश्न ऐकला की मूल तुम्हाला काय ऐकायचंय ते ओळखतं आणि तेच सांगतं. माझा अनुभव असा की भविष्याबद्दलचा प्रश्न सगळ्यात चांगला चालतो: "आता काय होईल असं वाटतंय?" उत्तर देताना मुलाला डोक्यातला नियम उघडा करावा लागतो, आणि पुढच्याच क्षणी गेम तो नियम खरा की खोटा ते दाखवतो. तुम्हाला बरोबर-चूक म्हणावं लागत नाही. त्याखालोखाल "हे तुला कळलं कुठून?" आणि "हे असंच का केलंस, दुसरीकडून का नाही?" असे प्रश्न. मात्र लढाई ऐन रंगात असताना नाही. मरण, लेव्हल बदलणं, लोडिंगचा पडदा या फटी शोधा आणि तेवढ्यातच बोला.

एक उदाहरण जवळून दाखवते. माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी (ब्लॉकनी) जग बांधायच्या गेममध्ये रेडस्टोन नावाची लाल भुकटी असते. ती जमिनीवर ओळीने टाकली की तारेसारखा सिग्नल वाहून नेते. अकरा वर्षांची एक मुलगी आपल्या किल्ल्याला दार बसवत होती. दार लोखंडी, कारण लाकडी दार कुणीही हाताने उघडू शकतं. तिला दोन लीव्हर, म्हणजे ओढायचे खटके, हवे होते आणि दोन्ही ओढले तरच दार उघडायला हवं होतं. तिने दोन्ही लीव्हर एकाच तारेला जोडले होते.

"आता काय होतंय?"

"कुठलाही एक ओढला तरी उघडतंय."

"मग एकच ओढला असेल तेव्हा दाराला अडवणार कोण?"

यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. शेजारचा मुलगा सांगायला सरसावला, त्याला मी डोळ्यांनीच गप्प केलं. रेडस्टोनच्या टॉर्चची, म्हणजे मशालीची, खोड तिला माहीत होती: ती एरवी पेटलेलीच असते, आणि ज्या ब्लॉकला लावली आहे त्याला सिग्नल मिळाला की विझते. तिने प्रत्येक लीव्हर एकेका ब्लॉकला लावला आणि त्या ब्लॉकच्या डोक्यावर टॉर्च ठेवली. दोन टॉर्चच्या मधल्या ब्लॉकवर भुकटी टाकली, त्या मधल्या ब्लॉकच्या अंगाला तिसरी टॉर्च लावली आणि तिच्यापासून दारापर्यंत तार नेली. एकही टॉर्च पेटलेली राहिली तर भुकटीत सिग्नल राहतो आणि तिसरी टॉर्च विझलेली. दोन्ही लीव्हर ओढले की वरच्या दोन्ही टॉर्च विझतात, भुकटी थंड पडते, तिसरी पेटते, दार उघडतं.

"म्हणजे, 'हा नाही किंवा तो नाही' असं कधीच नसेल, तेव्हा दोन्ही आहेत," ती म्हणाली. वाक्य अडखळत आलं, पण तिचं तिने बनवलं. तर्कशास्त्रात याला द मॉर्गनचा नियम म्हणतात. (हे ऑगस्टस द मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मले. गणिताच्या शिक्षकांना असल्या गोष्टी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.) मी त्या दिवशी नियमाचं नाव घेतलं नाही. तिचं दार आधी दोनचार जणांना दाखवून झालं, कौतुक झालं, आणि पुढच्या वेळी फळ्यावर अ आणि ब मांडून विचारलं, "हे कुठे पाहिलंय?" वर्ग शांत, आणि मागच्या बाकावरून तिचा आवाज: "माझं दार!" हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी वस्तू, मग तिचं वाक्य, आणि पुस्तकातलं नाव सगळ्यात शेवटी. नाव आधी सांगितलं असतं तर ते दार तिचं न राहता माझा धडा झालं असतं.

त्याच गेममध्ये असे अजून कितीतरी धागे आहेत. भुकटीतला सिग्नल १५ ब्लॉकपर्यंत पोचतो, दर ब्लॉकला एकाने क्षीण होत जातो, आणि रिपीटर लावला की पुन्हा १५ होतो. शंभर ब्लॉक दूरच्या दिव्यापर्यंत तार न्यायची तर रिपीटर किती लागतील? मुलं पटकन पंधराने भागतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की रिपीटर स्वतःही एक ब्लॉक जागा खातो, आणि पंधराने भागायचं की सोळाने यावर वाद पेटतो. तो वाद मी मिटवत नाही. गेममध्ये बांधून बघा म्हणते.

किंवा नेदर. त्या पाताळासारख्या जगात एक ब्लॉक चाललं की वरच्या जगात आठ ब्लॉक चालल्यासारखं होतं. तुमचं घर क्ष ८००, झेड उणे १२०० वर असेल, तर तिथे पोचवणारं नेदरमधलं दार १०० आणि उणे १५० वर बांधायचं. उणे संख्येला भागायला वहीत कां-कूं करणारी मुलं इथे बिनबोभाट भागतात, कारण चुकलं तर लाव्हा शेजारी असतो. एक गडबड मात्र आधीच सांगून ठेवा: या गेममध्ये वाय म्हणजे उंची, आणि दक्षिणेकडे गेलं की झेड वाढतो. वहीतल्या आलेखावर वाय वरच्या दिशेला वाढतो. हा फरक बोलून घेतला नाही तर मुलं वर्गात नकाशा उलटा काढतात आणि आपल्याला कळत नाही की का.

'शैक्षणिक' शिक्क्याला भुलू नका

दुकानात 'लर्निंग' असा शिक्का असलेल्या गेमची रांग लागलेली असते. पारखायची माझी कसोटी सोपी आहे. गेममधून विषय काढून टाकला तर गेम तसाच राहतो का? सात आठे छप्पन्न टाइप केलं की फुगा फुटतो, अशा गेममधून पाढे काढून राजधान्या घातल्या तरी फुगे फुटतच राहतील. तिथे गणित हे फाटकावरचं तिकीट आहे, खेळ आत निराळाच चाललाय. उजळणीला असा गेम ठीक, पण त्यातून समज वाढेल अशी आशा नको.

याउलट फोल्डइट बघा. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ साली सुरू झालेला हा गेम प्रथिनांच्या घड्या घालायचा आहे. प्रथिनं काढून टाकली तर खेळायला उरतच नाही काही. माकडांमध्ये एड्ससारखा आजार घडवणाऱ्या एका विषाणूच्या विकराची (एन्झाइमची) रचना शास्त्रज्ञांना दशकाहून जास्त काळ चकवत होती. फोल्डइटच्या खेळाडूंनी तीन आठवड्यांत तिचं असं प्रारूप बनवलं की शास्त्रज्ञांना त्यावरून रचना सोडवता आली, आणि ते २०११ साली प्रसिद्ध झालं. त्या खेळाडूंमधले बहुतेक जण जीवरसायनशास्त्र शिकलेले नव्हते.

'मेंदूचा व्यायाम' म्हणून विकल्या जाणाऱ्या गेमकडे जास्तच संशयाने बघा. ल्युमॉसिटी या प्रसिद्ध ब्रेन-ट्रेनिंग कंपनीने आपल्या खेळांनी शाळेत आणि कामात प्रगती होते, असे दावे केले होते. त्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली, आणि २०१६ साली कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. अशा खेळांत सराव केला की माणूस प्रामुख्याने त्याच खेळात तरबेज होतो. एका गेममध्ये मिळालेलं कौशल्य आपोआप दुसरीकडे जाईल असं धरून चालू नका. ते नेण्यासाठीच तुम्ही शेजारी बसलेले आहात.

गेम कुठे खोटं बोलतो ते शोधा

हा माझा सगळ्यात आवडता उद्योग, आणि मुलांचाही. प्रत्येक गेमच्या पोटात कुणीतरी ठरवलेले नियम असतात. ते जगासारखे दिसतात, पण जगाचे नसतात.

पुन्हा रेडस्टोन घ्या. त्यावर पोसलेलं मूल खऱ्या विजेकडे आलं की एक चूक ठरलेली: बॅटरीच्या एका टोकापासून दिव्यापर्यंत एकच तार नेतं आणि दिवा का लागत नाही म्हणून वैतागतं. रेडस्टोनमध्ये सिग्नल नुसता पुढे जातो, परतीची वाट लागत नाही. खऱ्या मंडलाला ती लागते. इथे मी फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे विज्ञानाचे प्रयोग, उघडते. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेला हा प्रकल्प. सगळं फुकट आहे आणि बरंचसं मराठीतही आहे. त्यातल्या विद्युत मंडलाच्या संचात तार, बॅटरी, दिवा ओढून जोडायचे. मंडल पूर्ण होईपर्यंत काही हलत नाही. शेवटचं टोक जोडलं की निळे ठिपके तारेतून सरकू लागतात. "माइनक्राफ्टपेक्षा इथे वेगळं काय आहे?" एवढाच प्रश्न पुरतो.

शहर वसवायच्या गेममध्ये हे आणखी मजेदार होतं. सिमसिटीचा पहिला अवतार १९८९चा. २०१३ साली त्याची नवी आवृत्ती आली तेव्हा तिचे प्रमुख डिझायनर स्टोन लिब्रँड यांनी एका मुलाखतीत सांगितलं की खऱ्या शहरांइतक्या गाड्या लावायच्या जागा दाखवल्या असत्या तर गेमभर तेवढंच दिसलं असतं. म्हणून त्या जमिनीखाली आहेत असं धरलं. ही गोष्ट सांगून मी मुलांना कामाला लावते: तुमच्या शहरात अजून काय काय गायब आहे? एकाने सांगितलं, "म्हातारी माणसं." दुसरा म्हणाला, "इथे कर वाढवला की सगळ्यांना सारखाच राग येतो." असं बोलणारं मूल उद्या कुठलाही आलेख किंवा अंदाजपत्रक बघेल तेव्हा 'यात काय धरलेलं नाही' असं विचारण्याची शक्यता वाढते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून मला हे कधी इतक्या लवकर साधलेलं नाही.

उलट कधी कधी गेमच खरा असतो आणि आपली समजूत खोटी. कर्बल स्पेस प्रोग्रॅममध्ये रॉकेट बांधून कक्षेत सोडायचं असतं. आपलं यान आणि पुढे असलेलं यान एकाच कक्षेत आहेत, त्याला गाठायचंय. मूल काय करतं? वेग वाढवतं. त्याबरोबर कक्षा मोठी होते, एका फेरीला जास्त वेळ लागतो आणि पुढचं यान आणखीच लांब जातं. गाठायचं तर उलट ब्रेक मारायचा: कक्षा खाली येते, फेरी लवकर पुरी होते, अंतर कमी होतं. हे शब्दांत सांगून मोठ्यांनाही पटत नाही. दोनतीन यानं हुकली की मुलांना पटतं. तेव्हा "हे असं का?" हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो, आणि मग कक्षांचे नियम मांडणाऱ्या केप्लरचं नाव काढायला हरकत नाही.

व्हिडिओ: किती पाहिलं यापेक्षा कसं पाहिलं

गेमइतकंच, किंबहुना जास्त, मुलं गेमचे व्हिडिओ बघतात. पालक याला सरसकट वेळ वाया घालवणं म्हणतात. मी म्हणत नाही, पण एक अट घालते: पाहिलेल्यातलं काहीतरी त्याच दिवशी करून बघायचं. व्हिडिओ मध्येच थांबवून "पुढे हा काय करेल?" असा अंदाज बांधायचा, गुंतागुंतीचा भाग वेग कमी करून पाहायचा, आणि हात चालू असताना व्हिडिओ बंद. नुसतं पाहून 'मला येतं' असं वाटायला लागतं, आणि तो भ्रम मोठ्यांनाही होतो.

व्हिडिओवरून बनवलेली गोष्ट चालली नाही की खरी संधी येते. एकाने दाराचं यंत्र व्हिडिओत होतं तसंच्या तसं बांधलं, प्रत्येक ब्लॉक मोजून, तरी दार ढिम्म हलेना. तो म्हणे, "व्हिडिओ फेक आहे." फेक नव्हता. माइनक्राफ्टच्या जावा आणि बेडरॉक अशा दोन आवृत्त्या आहेत आणि रेडस्टोन दोन्हींत काही ठिकाणी वेगळं वागतं. व्हिडिओ जावाचा, याच्याकडे बेडरॉक. त्यानंतर त्याने आपणहून एक सवय लावून घेतली: आधी व्हिडिओची तारीख आणि आवृत्ती बघायची, मग खालच्या प्रतिक्रिया चाळायच्या, कुणाचं चाललं आणि कुणाचं नाही. ही माहिती कोणी दिली, कधी दिली, कुठल्या परिस्थितीसाठी दिली, हेच आपण मोठ्यांना बातम्यांच्या बाबतीत सांगून दमतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत असं काही घडलं तर चटकन उत्तर देऊ नका. "दोघांचं बरोबर असूनही वेगवेगळं का होत असेल?" एवढं विचारा आणि चहाला उठून जा.

गेमबाहेर काहीतरी बनवून घ्या

बोलण्यानंतरची पायरी म्हणजे बनवणं. सगळ्यात स्वस्त प्रकार: धाकट्या बहिणीसाठी किंवा आजोबांसाठी कागदावर सूचना लिहून द्यायच्या, 'माइनक्राफ्टमधली पहिली रात्र कशी काढावी'. लिहिणाऱ्याने बाजूला उभं राहायचं आणि वाचणाऱ्याला एक अक्षर सांगायचं नाही. आजोबा "ब्लॉक ठेव" वाचून "कुठे?" असं विचारतात तेव्हा लिखाणातली भोकं मुलाला स्वतःच दिसतात. निबंधावर लाल शाईने कितीही लिहिलं तरी हे साधत नाही.

दुसरा प्रकार स्क्रॅच. मिचेल रेस्निक यांच्या एमआयटीतल्या गटाने २००७ साली हे सुरू केलं. पडद्यावरचे आज्ञांचे ठोकळे एकमेकांत अडकवून मुलं स्वतःचे गेम बनवतात. कोऱ्या पडद्यापासून सुरुवात करू नका. आवडलेला एखादा तयार गेम उघडा, 'आत पाहा' दाबा आणि एकच आकडा बदला. माझा ठरलेला पहिला धडा म्हणजे पडणारा चेंडू. 'वेग' नावाचं एक चल करायचं. सतत फिरणाऱ्या ठोकळ्यात दोन ओळी: वेग उणे १ने बदल, वाय वेगाने बदल. चेंडू खऱ्यासारखा, वाढत्या वेगाने पडतो. पहिली ओळ काढली आणि वेग उणे ५ ठेवला की यंत्रासारखा एकसारखा खाली सरकतो. दोन्ही आलटून पालटून चालवायचं आणि विचारायचं, "यातलं चंद्रावरचं कसं करशील?" कुणी उणे १चं उणे ०.२ करतं, कुणी वेगच कमी करतं, आणि दोघांचे चेंडू शेजारी ठेवले की त्वरण म्हणजे काय यावर त्यांचीच जुंपते.

शिक्षकांसाठी थोडक्यात

गुण देऊ नका. गुण आले की मुलं गुणांचा गेम खेळायला लागतात, आणि त्यात ती आपल्यापेक्षा फार तरबेज आहेत. संगणक कमी असतील तर तक्रार करू नका. १९७१ साली मिनेसोटात तिघा नवशिक्या शिक्षकांनी इतिहासाच्या तासासाठी 'ओरेगॉन ट्रेल' हा गेम लिहिला, तो टेलिटाइपवर चालायचा: पडदा नाही, उत्तरं कागदावर छापून यायची, आणि शिकार करायची तर 'बँग' हा शब्द झटपट टाइप करावा लागायचा. एका यंत्राभोवती अख्खा गट. मी आजही तिघांना एक संगणक देते: एक चालवणारा, एक वाट सांगणारा, एक वहीत टिपणारा, आणि दर पंधरा मिनिटांनी खुर्च्या बदलायच्या. चालवणाऱ्याने स्वतःच्या मनाने काही करायचं नाही, सांगितलेलंच करायचं. त्यामुळे वाट सांगणाऱ्याला नीट बोलावंच लागतं.

पैसे, वेळ आणि अनोळखी माणसं

गेमवर युरोपातल्या पेगीसारखा वयाचा शिक्का असतो: ३, ७, १२, १६, १८. तो आधी बघा. तो आशयाबद्दल सांगतो, गेम किती अवघड आहे याबद्दल नाही. अनोळखी लोकांशी चॅट सुरुवातीला बंद ठेवा आणि ते का बंद आहे हे मुलाला सांगा.

पैसे देऊन उघडायच्या 'नशिबाच्या पेट्या' ज्या गेममध्ये आहेत, तिथे मी कडक आहे. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरवलं. बंदी घाला, पण आधी एक गणित करून घ्या. पेटीत हवी ती वस्तू निघण्याची शक्यता १ टक्का आहे. शंभर पेट्या उघडल्या तर ती नक्की मिळेल का? मुलं ठासून हो म्हणतात. शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंतच्या चिठ्ठ्या करा, एक काढा, परत टाका, असं शंभरदा करा आणि सगळा वर्ग मिळून निकाल जमवा. शक्यता सुमारे ६३ टक्के येते. म्हणजे शंभर मुलांनी प्रत्येकी शंभर पेट्या उघडल्या तर सदतीसेक जण रिकाम्या हाताने परततात. त्यानंतर पेट्यांची जाहिरात दिसली की मुलं आपणहून हसतात.

रोज किती वेळ, याला माझ्याकडे सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. झोप, मैदान आणि माणसांशी बोलणं शाबूत असेल तर मी घड्याळ धरून बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, २०२२पासून ती सूची लागूही झाली आहे; पण त्यात खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमला महत्त्व आणि नुकसान होत असूनही खेळत राहणं, हे साधारण वर्षभर दिसणं अपेक्षित आहे. सुट्टीत चार दिवस गेममध्ये बुडालेलं मूल त्यात बसत नाही. ही लक्षणं खरंच महिनोन्‌महिने दिसत असतील, तर हा लेख बाजूला ठेवा आणि समुपदेशकाकडे जा.

शेवटचं काम तुमच्याकडे, कारण मुलं ते कधीच करत नाहीत: त्यांनी बनवलेल्या गोष्टींची प्रत ठेवा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत जगाच्या यादीत 'एडिट'मध्ये गेलं की 'मेक बॅकअप' असतं. स्क्रॅचमध्ये फाइलच्या यादीतून प्रकल्प संगणकावर उतरवून घेता येतो. महिन्यातून एकदा, मुलाला सोबत बसवून, फोल्डरला तारीख देऊन हे करा. मुलाला स्वतःची जुनी जगं उघडून बघायला आवडतं, आणि "हे मी असं का बांधलं होतं?" हा प्रश्न मग त्याचा तोच विचारतो.